पन्हाळ्याच्या वाटेवरचं इंग्लिश कॉटेज : पावसाळ्यात जाणार असाल तर

तीन तारे देतोय. त्यातला एक अख्खा तारा तिथल्या केअरटेकर मामांचा, त्याचं कारण पुढं येईल.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस सुट्टीला गेलता की पंचनाम्याला. आम्ही पिढीजात सुतार. आजोबांनी वाड्यांच्या तुळया घडवल्या, वडिलांनी दारं-खिडक्या केल्या आणि मी टिंबर मार्केटात जुनं लाकूड विकायला बसलो. पेठेतला वाडा उतरवायचा ठरला की पहिला फोन मला यायचा. तीस वर्षं तेच. मिरवण्यासारखं त्यात काही नाही, पण एक खोड लागली ती लागलीच : कुणाच्याही घरात शिरलो की आधी मान वर. यजमान चहा विचारतोय आणि मी आढं बघतोय.

जुलैत माझी एकसष्टी झाली. थोरल्यानं दोन रात्रींचं बुकिंग केलं. वाघबीळच्या पुढं डोंगरउतारावर तीन छोटी घरं आहेत, फाटकावर इंग्रजीत पाटी, आत गुलाबाच्या कुंड्या. जाहिरातीत लिहिलंय की इंग्लंडमधल्या तीनशे वर्षं जुन्या खेड्यात राहिल्यासारखं वाटेल. एका घराचे एका रात्रीचे 4,500 रुपये, नाश्ता धरून. आम्ही दोन घरं घेतली, एक नंबर आम्हा दोघांना, दोन नंबर थोरला, सूनबाई आणि नातवाला.

थोरल्याच्या डोक्यात हे का आलं, तेही सांगायला पाहिजे. माझी लेक इंग्लंडात स्विंडनला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं विल्टशरमधल्या एका खेड्यात खरोखरीच्या जुन्या कॉटेजात तीन रात्री राहायला नेलं होतं. तिथून परत आल्यावर मी जवळजवळ सहा महिने घरात दुसऱ्या विषयावर बोललो नाही, असं आमची ही म्हणते. म्हणून पोराला वाटलं, पप्पा खूश होतील.

तर आता त्या विल्टशरच्या घराबद्दल, कारण त्याशिवाय माझी तक्रार कळायची नाही.

दार एवढं बुटकं, की पाच फूट चार इंचाचा मीसुद्धा वाकून आत गेलो. आत समोर दोन वाकडी लाकडं, जमिनीपासून निघून थेट आढ्याला भिडलेली. एकच बाक असलेलं झाड निवडायचं, खोड मधोमध उभं चिरायचं, दोन्ही फाका समोरासमोर उभ्या करून वर एकमेकींत अडकवायच्या. झाली कैची. अशा दोन-तीन कैच्या उभ्या केल्या की छपराचा सगळा भार त्यांच्यावर, भिंतीवर काहीच नाही. मग भिंत कशाचीही करा. त्यांनी काय केलंय, तर चौकटीत ओकच्या काठ्या उभ्या केल्या, त्यांत हेझलच्या ओल्या फोका विणल्या आणि वरून माती, शेण, भुसा कालवून थापलं. मग चुन्याचा हात. आजरा-चंदगडकडचा माणूस हे वाचून हसेल, कारण हा आपला कूडच की. माझं आजोळ गगनबावड्याकडं. आजीच्या घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या होत्या, एवढाच काय तो फरक. त्या कॉटेजच्या मालकीणबाईंनी जिन्याशेजारी भिंतीचा हातभर चौकोन उघडा ठेवून त्यावर काच बसवली होती, आतलं विणकाम दिसावं म्हणून. मी लेकीला म्हटलं, तुझ्या पणजीनं सारवलेली भिंत यांनी काचेत ठेवलीय बघ. ती म्हणाली, पप्पा, हळू बोला.

खरं वेड लावलं ते सांध्यांनी. साल म्हणजे लाकडातली खाच आणि कुसू म्हणजे तिच्यात बसणारी जीभ, तेच, जे आम्ही करतो. पण सालीतलं भोक आणि कुसवातलं भोक एकासमोर एक पाडत नाहीत, मुद्दाम जरासं सरकवून पाडतात. खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आत ओढून घेते. खिळा नाही, सरस नाही. शिवाय लाकूड ओलंच वापरायचं. आमच्याकडं सागवान वाळल्याशिवाय आजोबा करवत लावू द्यायचे नाहीत, आणि तिकडं उलटं : ओक वाळला की पटाशीला दाद देत नाही, म्हणून ओला असतानाच कापायचा, उभा करायचा आणि जागेवर वाळू द्यायचा. वाळताना तो आखडतो, पिळतो, सांधा आणखी आवळतो. ती घरं वाकडीतिकडी दिसतात ना, त्यातला बराचसा बाक म्हातारपणाचा नाही, पहिल्या काही वर्षांतलाच आहे.

आणि प्रत्येक सांध्याजवळ पटाशीनं ओरखडलेले रोमन आकडे. सुताराच्या आवारात जमिनीवर चौकट जोडून बघायची, आकडे टाकायचे, सुटी करायची आणि गाडीवरून नेऊन जागेवर उभी करायची. मीही वाडा उतरवताना तुळयांवर खडूनं आकडे टाकत आलोय. ते उभं करण्यासाठी टाकायचे, मी विकण्यासाठी. त्या आकड्यांवरून बोट फिरवताना हे मनात आलं आणि जरा वेळ बाहेर जाऊन बसलो.

असो. आता पन्हाळा.

लांबून झकास दिसतं, खोटं बोलणार नाही. पांढऱ्या भिंती, काळ्या पट्ट्या, वर गवताचं छप्पर, छपरातनं वर आलेली विटांची चिमणी, मागं धुकं. नातू तर गाडीतनं उतरायच्या आधीच ओरडायला लागला. जवळ गेल्यावर मी नेहमीप्रमाणं हात लावला. काळ्या पट्ट्या म्हणजे चार इंची प्लाय, वर ऑइलपेंट. तिरक्या पट्ट्याही आहेत. खऱ्या घरात तिरकं लाकूड कोपऱ्यातल्या खांबातून निघून आडव्या लाकडात शिरतं, चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात राहावी, वाऱ्यानं डुलू नये म्हणून. इथली एक तिरकी पट्टी खिडकीखालून सुरू होते आणि मधेच संपते. का? पुढं स्विचबोर्ड आला.

काळ्या रंगाचंही तसंच. ओक बिनरंगाचा सोडला तर वर्षानुवर्षांत राखाडी, रुपेरी होतो. कुठं भिंतीबरोबर लाकडावरही चुनाच मारायचे. काळंकुट्ट लाकूड आणि पांढरीशुभ्र भिंत ही जोडी बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या हौशीनं आलेली. म्हणजे आपण ज्याला जुनं समजून नक्कल करतो, ती त्यांची आजीच्या जमान्यातली फॅशन.

खिडक्यांना शंकरपाळ्यांची जाळी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीवर करड्या प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली. नातवानं एक शंकरपाळी नखानं उचकटली, ती मी थुंकी लावून परत बसवली, मालकांनी वाचलं तर माफ करावं. मुळात ती जाळी नखऱ्यासाठी नव्हती. मोठी काच परवडायची नाही, म्हणून वीतभर काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीत ओवून तावदान करायचे. आणि खिडक्या इतक्या थोड्या का, तर थंडी हे एक आणि घरफाळा हे दुसरं. 1696 पासून 1851 पर्यंत इंग्लंडात खिडक्या मोजून कर घेत होते. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, त्या बुजवलेल्या खिडक्या मी मोठ्या घरांवर अजून बघितल्यात. आपल्याकडं महापालिकेला हे सुचलं नाही तेवढं बरं. मी तरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

आतलं पटकन सांगतो. गादी चांगली, गरम पाणी सकाळी सात ते नऊ, टॉयलेट स्वच्छ. जेवण एक नंबर. नाश्त्याला इंग्लिश ब्रेकफास्ट म्हणून टोस्ट आणि डब्यातला गोडसर राजमा देतात, तो परत पाठवा आणि पोहे मागा. रात्रीचा पांढरा रस्सा मामांच्या मालकीणबाई करतात. त्याला नाव ठेवणाऱ्यानं कोल्हापुरात राहू नये.

आता मुद्द्याचं. शनिवारी रात्री पाऊस लागला. पन्हाळ्याचा जुलैतला पाऊस, त्याचं वर्णन तुम्हाला काय सांगायचं. दोनच्या सुमाराला हिनं मला हलवलं.

"अहो, तोंडावर थेंब पडतोय."

"पंख्याचा वारा असेल."

"वाऱ्याला ओल असती काय?"

दिवा लावला. पलंगाच्या बरोबर वर, जिथं फॉल्स सीलिंगला नकली तुळई चिकटवलीय, तिथून टप, टप. पलंग ओढला, बादली लावली, मामांना फोन केला. पाच मिनिटांत मामा हजर, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. वर बघितलंसुद्धा नाही त्यांनी. म्हणाले, "चिमणीतनं येतंय. गेल्या साली बी आलतं."

सकाळी उघडीप झाल्यावर शिडी लावून दोघं वर चढलो. पोरगं खालून ओरडतंय, पप्पा तुमची एकसष्टी आहे. पण मला राहवेना. छप्पर म्हणजे पत्रा, त्यावर नायलॉनचं गवत. उतार फार तर पंचवीस अंश. खरं गवती छप्पर पंचेचाळीस-पन्नास अंशांवर उभं चढवतात, कारण गवतावरनं पाणी नुसतं वाहून चालत नाही, पळालं पाहिजे. उतार खडा असला की वरचा बोट-दोन बोटं थर भिजतो आणि आतलं हातभर गवत कोरडं राहतं. पन्हळ नाही, वळचण दीड-दोन फूट पुढं काढलेली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. नदीकाठचं चांगलं बोरू गवत असेल तर चाळीस-पन्नास वर्षं जातं, फक्त आढ्यावरची टोपी दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते. आपल्याकडं गुऱ्हाळघरावर उसाचा पाला शाकारतात त्याचा उतार कधी बघितलाय? तोही खडाच असतो, आणि शाकारणाऱ्यानं अंश मोजलेले नसतात.

पण इथं खाली पत्रा आहे, त्यामुळं उतार कमी असला तरी चाललं असतं. घात केला चिमणीनं. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर सिमेंट बोर्ड, त्यावर विटांच्या नक्षीच्या टाइल्स, आणि हे सगळं छपराच्या उताराच्या बरोबर मधोमध बोल्टनं आवळलेलं. बुडाशी सिलिकॉन. उताराच्या मधे चिमणी म्हणजे ओढ्यात धोंडा. वरनं येणारं पाणी तिच्या पाठीला थटतं, तुंबतं आणि बोल्टाच्या भोकातनं आत.

विल्टशरच्या घराची चिमणी टोकाच्या भिंतीत होती. मी त्या तीन दिवसांत आजूबाजूच्या घरांच्याही चिमण्या बघत हिंडलो, बहुतेक सगळ्या टोकाला नाहीतर आढ्यावरच, म्हणजे पाठीमागं पाणी साचायला जागाच नाही. आणि गवताच्या जरा वर चिमणीतनं दगडाची पट्टी चारी बाजूंनी बोटभर बाहेर काढलेली असते. चिमणीच्या अंगावरनं ओघळणारं पाणी त्या पट्टीवरनं सुटून गवतावर पडतं, सांध्यात शिरत नाही. काही घरांवर आता गवत जाऊन कौलं किंवा दगडी फरशा आल्यात, त्यांचा थर पातळ, त्यामुळं ती पट्टी छपराच्या वर अधांतरी राहिलेली दिसते. ती बघून ओळखायचं, की इथं एकेकाळी गवत होतं. हे मला तिथल्या एका छप्परवाल्यानं दाखवलं. आमच्यात भाषा एकच होती, बोट दाखवायची, आणि तेवढी पुरली.

गंमत म्हणजे अशा खूप जुन्या घरांना मुळात चिमणीच नव्हती. घराच्या मधोमध जमिनीवर आगटी, धूर वर जाऊन गवतातनं वाट काढायचा, आढं काजळीनं काळं. साध्या माणसाच्या घराला चिमणी सोळाव्या-सतराव्या शतकात यायला लागली. माझ्या आजोळी ती कधीच आली नाही. आजीच्या चुलीचा धूर कौलांतनंच गेला, आणि वासे उतरवले तेव्हा धुरानं असे कडक झाले होते की किडीनं तोंड लावलं नव्हतं.

मामांनी स्वयंपाकघरातनं तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला. मी तो फाडून पत्रा सरळ केला, मधे घडी घालून चिमणीच्या पाठीशी छोटं पाखं बसवलं, पाणी दोन्ही बाजूंना फुटावं म्हणून. सांध्यात डांबर आणि गोणपाट. बोल्ट बघायला बाजूचा बोर्ड उघडला, तर आत सुतळीला बांधलेली काळी बाहुली आणि एक जुनं पायताण. मी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "मीच टाकलंय. पांढरं घर हाय, रस्त्यावर हाय, नजर लागती."

मला हसू आवरेना, आणि मामांना वाटलं मी त्यांना हसतोय. मग शिडीवर बसूनच सांगितलं. इंग्लंडात जुन्या घरांची दुरुस्ती काढली की चिमणीच्या बगलेत, चुलाणाच्या वर जुने जोडे सापडतात, बहुतेक एकेकटे, झिजलेले, बऱ्याचदा लहान पोरांचे. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा सापडलेल्या जोड्यांची नोंदवहीच ठेवलीय. बाहेरची बाधा चिमणीतनं आत येऊ नये म्हणून ते ठेवत असावेत असं म्हणतात. ह्या अख्ख्या कॉटेजात अस्सल इंग्लिश एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती मामांनी केलीय, मालकांना पत्ताही नाही. पायताण आम्ही जागच्या जागी परत ठेवलं.

नकलेबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट करतो. नक्कल इंग्रजांनीही केलीय. ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट म्हणून नऊ कॉटेजांचं गाव आहे, एका बँकवाल्यानं 1811 च्या सुमाराला आपल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी बांधून घेतलेलं. बांधणारा जॉन नॅश, ज्यानं पुढं बकिंगहॅम पॅलेसचं काम केलं. जुन्या खेड्यासारखं दिसावं म्हणून मुद्दाम वाकडंतिकडं, एकासारखं दुसरं नाही, चिमण्या तर घरापेक्षा मोठ्या वाटाव्यात अशा. लेकीनं मला तिथं नेलं होतं. पण त्या चिमण्यांखाली चुली होत्या. आणि आपल्या कोल्हापुरात काय झालं? मेजर मांट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आपल्या काळ्या दगडात नवा राजवाडा उभा केला, 1884 साली पुरा झाला, घुमट, कमानी, वर घड्याळाचा मनोरा. त्यानं परक्या मुलखात येऊन राजवाडा बांधला, आपण पन्हाळ्यावर त्याच्या देशातलं खोपटं बांधतोय. फिटंफाट. फक्त त्याचा राजवाडा गळत नाही.

रविवारी रात्री पुन्हा धो धो पाऊस झाला. बादली कोरडी राहिली. ही सकाळी म्हणाली, तुमची मजुरी बिलातनं वळती करून घ्या.

निघताना मालकांना फोन लावला. माणूस सभ्य आहे, लगेच एका रात्रीचे पैसे परत पाठवले. मी म्हटलं, पैशांचं राहू द्या, तेलाच्या डब्याचा पत्रा दोन पावसाळे जाईल, नंतर गंजेल. चिमणी काढून टाका, नाहीतर निदान उचलून आढ्यावर न्या. खर्चाचा अंदाज मी फुकट देतो.

ते म्हणाले, "काका, उताराच्या मधेच पाहिजे. समोरून फोटोत तिथंच बसते. सगळे तिच्यासमोरच फोटो काढतात."

यावर मी काय बोलणार? एकसष्टीचा फोटो आम्हीही तिच्यासमोरच काढलाय. हिनं आता तो मोबाईलवर लावलाय, चिमणी बरोबर माझ्या डोक्यातनं उगवल्यासारखी दिसते.

तर जाणार असाल तर जा. पावसाळ्यात गेलात तर दोन नंबरचं घर मागा. त्याच्यावर पाण्याची टाकी आहे, म्हणून चिमणी बसवायला जागा उरली नव्हती.